झटका बसून बुजलेल्या कुत्र्याला परत माणसांत आणताना

केळापूर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. तो आधी थोडक्यात सांगतो. घरचा गावठी कुत्रा, नाव शेरू, वय तीन वर्षं. दिवाळीपर्यंत गावभर फिरायचा, वावरात मजुरांच्या मागेपुढे करायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या वीज सोडलेल्या तारेला त्याचं नाक लागलं. नेमक्या त्याच वेळी समोरून वेचणीच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन येत होत्या. केकाटत घरी पळाला तो कोठ्यातून (गुरांच्या गोठ्यातून) बाहेर निघेचना. मग त्या बायांवर भुंकायला लागला, नंतर पाहुण्यांवर, नंतर गल्लीतल्या पोट्ट्यांवर. मामाच्या मुलाच्या पोटरीला दात लावल्यापासून तो साखळीलाच आहे. गावातली कुत्री जवळ आली की एकतर अंग चोरतो, नाहीतर सरळ अंगावर जातो. आता संक्रांत झाली, वैशाखात बहिणीचं लग्न आहे. कोणी सांगतं, चार लोकांत नेऊन बांध, आपोआप सवय होईल. कोणी म्हणतं, चार फटके दे. काय करावं?

भाऊ, चार लोकांत नेऊन बांधू नका, आणि फटक्यांचं तर नावच काढू नका. लग्नाला तीन महिने आहेत, तेवढ्यात बरंच काम होतं. पण किती होतं ते आधीच सांगून ठेवतो. शेरू मांडवात शेपूट हलवत सगळ्यांच्या पायात घोटाळेल, असं मी म्हणणार नाही. माणसं दिसली तरी त्याला जागेवर निवांत बसता यावं, अनोळखी माणूस अंगणातून गेला तर एक नजर टाकून परत पायांवर डोकं टेकवता यावं, एवढं साधलं तरी पुष्कळ. माणसाच्या जवळ जायचं की नाही हे शेरू ठरवेल. तुमच्या हातात अंतर आणि वेळ, एवढंच आहे. खालचं सगळं उत्तर याच्याभोवतीच आहे.

एक गोष्ट शेरूच्या बाजूची आहे. कुत्र्याच्या पिल्लाला जग ओळखीचं होतं ते वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत. त्या दिवसांत ज्या पिल्लाला माणसं, लेकरं, बैल, मोटारसायकली सगळं सुखाने बघायला मिळतं, त्याचा पाया पक्का असतो. शेरू गावात वाढला, मजुरांत खेळला. त्याला माणसं नवी नाहीत. पिल्लूपणी कोठडीत वाढलेल्या कुत्र्यापेक्षा असं कुत्रं परत वळवणं सोपं जातं.

आता आधी मामाच्या मुलाचं. दात लागून कातडी फुटली असेल, अगदी साधा ओरखडा असला तरी, त्याने रेबीजची लस घेतली का ते आजच फोन करून विचारा. घेतली नसेल तर सरकारी दवाखान्यात न्या आणि किती दिवस झाले ते खरं सांगा. यापुढे कोणालाही असं झालं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना, तेल काही भरायचं नाही. मग दवाखाना. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तेवढे दिवस ते धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नसते. दोन्ही एकाच वेळी चालतं.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे अचानक स्वभाव पालटलेलं कुत्रं दाखवायला आणलं की आमच्या डोक्यात पहिला विचार रेबीजचाच येतो. आवाज बदलणं, जबडा लोंबणं, लाळ गळणं, पाणी गिळता न येणं, दिसेल त्याला चावत सुटणं, यातलं काही असेल तर कुत्र्याला हात लावायचा नाही, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. शेरूचे महिने उलटलेत आणि तो खातोपितो आहे, म्हणजे त्याची गोष्ट वेगळी आहे. तरी त्याची रेबीजची लस दरवर्षी होते का ते बघा. लग्नघरात राहणाऱ्या कुत्र्याला ती नसणं परवडणार नाही.

त्याच फेरीत डॉक्टरांकडून त्याचं अंगही तपासून घ्या. भीतीने चावणारी म्हणून आणलेली बरीच कुत्री खरं तर दुखण्यानेही चावत असतात. तार लागल्यावर तो जीव घेऊन पळाला, त्यात पाय मुरगळला असेल, खांदा दुखावला असेल. कानात गोचीड शिरली असेल किंवा कान आतून पिकला असेल, तर डोक्याकडे येणारा प्रत्येक हात त्याला शत्रूच वाटणार. गोचिडतापात कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढरट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. घरी एवढं करा: तो निवांत असताना मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवा आणि हाताकडे न बघता त्याच्या बरगड्यांकडे बघा. एका जागी हात आला की श्वास अडतो, कातडी थरथरते, किंवा तो मान वळवून तुमच्या हाताकडे बघतो, ती जागा डॉक्टरांना दाखवा. आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक या कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावणाऱ्या गोळ्या आहेत.

आता झटक्याकडे येतो, कारण गाठ तिथेच बसली आहे. ही मशीन साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. दाब हजारो व्होल्टचा, पण क्षणभराचाच, म्हणून रानडुक्कर मागे फिरतं, मरत नाही. (मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडणारे महाभाग वेगळे. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही गेली आहेत.) कुत्र्याचं नाक ओलं, तिथे ठोका भरपूर लागतो. पण तारेत वीज असते हे त्याला कुठून कळणार? ठोका बसला त्या क्षणी तो जे बघत होता, जे ऐकत होता, त्याच्या माथी तो ते दुखणं मारतो. शेरू बायांकडे बघत होता. डोक्यावर गाठोडं असलेलं माणूस तसंही कुत्र्याला विचित्रच दिसतं. त्याच्या हिशेबात त्या बायांनीच त्याला मारलं. पुढे हा हिशेब पसरत गेला: गाठोडंवाली बाई, मग कोणतीही बाई, मग कोणीही अनोळखी. कुत्रं आगाऊ झालं, माजलं असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा असंच काही घडलेलं असतं.

म्हणूनच फटके कामाचे नाहीत. माणूस दिसला की दुखतं, हे तो आधीच शिकून बसलाय. माणूस दिसल्यावर तुम्ही काठी मारली की त्याला पुरावा मिळाला.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला शंका येते. मशीन कुठे ठेवली आहे? बऱ्याच घरी बॅटरी आणि मशीन कोठ्यातच, खुंटीला टांगलेली असते, आणि ती रात्रभर टक्, टक् करत राहते. शेरू त्याच कोठ्यात बांधलेला असेल तर ज्या आवाजाची धास्ती आहे तो आवाज उशाशी घेऊन बिचारा झोपतो आहे. आपल्या कानाला ती टकटक चार पावलांवर ऐकू येत नाही, त्याला कोठ्याच्या दुसऱ्या टोकाला येते. घरात गॅसचं लायटर वाजलं, बटण दाबलं की तो दचकतो का ते बघा. दचकत असेल तर आधी त्याची जागा बदला किंवा मशीन हलवा. असं असेल तर एवढ्या एका बदलाने आठवडाभरात फरक दिसायला हवा.

साखळीबद्दल बोलायलाच हवं. चावल्यावर तुम्ही बांधलं, त्यात गैर काही नाही. पण बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली की पळायची सोय उरत नाही, मग अंगावर जाण्यावाचून दुसरं काय करणार? आखूड साखळीवर महिना काढलेलं कुत्रं बांधण्याआधीपेक्षा जास्त चावरं होतं, हे मी ठिकठिकाणी बघितलंय. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मोकळं फिरवून न आणणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हाच धरलंय, गावात कोणी तक्रार करत नाही ती गोष्ट वेगळी. त्याला अशी जागा द्या जिथून येणारी-जाणारी माणसं थेट दिसत नाहीत आणि मागे सरकायला आडोसा आहे. जुनं दार, पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळक्या काड्यांचं) कुंपण, काहीही आडवं चालेल. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा घ्या आणि त्याला पंधरा-वीस फुटांचा सुती दोर बांधा. रोज पहाटे, गाव जागं व्हायच्या आत, पांदणीने वावरापर्यंत नेऊन आणा. हुंगू द्या, पाहिजे तेवढं हुंगू द्या. नाक चाललं की कुत्र्याचं डोकं थंड होतं. पहिले आठ-दहा दिवस एवढंच. कोणाशी भेट नको, सराव नको. भीतीचा जोर शरीरातून उतरायला वेळ लागतो. सकाळी एकदा दचकलेलं कुत्रं संध्याकाळी एरवी सोसलं असतं त्यालाही भुंकतं.

मग खरं काम. वावरात गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी भरलेल्या बैलगाडीला कोणी जुंपत नाही. तेवढीच अक्कल कुत्र्यासाठी वापरायची आहे.

शेरूला जिवापाड आवडणारं, आणि एरवी कधीच न मिळणारं काहीतरी शोधा. भाकर नको, ती रोजची आहे. उकडलेली कोंबडीची कलेजी, उकडलेलं अंडं, सुकी मासोळी थोडी भाजून. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा आणि डबीत भरा. घरात मांसमच्छी चालत नसेल तर पनीरचे तुकडे घ्या. ती डबी फक्त या सरावासाठी. लाडाने कोणी मधेच दिलं की तिची किंमत गेली.

आता अशी जागा बघा जिथून माणसं लांबून जाताना दिसतात. वावराचा कोपरा, पाणवठ्याकडे जाणारी वाट, शाळेच्या मैदानाची मागची बाजू. शेरूला माणूस दिसतो, पण तो भुंकत नाही, ताठ होत नाही, इतकं लांब उभं राहायचं. साठ-सत्तर पावलं लागली तर तेवढी, दोनशे लागली तर दोनशे. माणूस दिसला, शेरूने बघितलं, की लगेच एक तुकडा. माणूस दिसत असेपर्यंत एकामागून एक तुकडा चालू. माणूस आड गेला की डबी बंद. एवढंच आहे, पण क्रम उलटा झाला तर सगळं वाया जातं. आधी माणूस, मग तुकडा. आधी तुकडा देऊन तोंड गुंतवून ठेवाल तर दोन दिवसांत डबी निघताच तो इकडेतिकडे बघायला लागेल, की आता कोणीतरी येणार.

अंतर बरोबर आहे की नाही ते कुत्रंच सांगतं. वर्धा जिल्ह्यात एक काळी कुत्री होती, दिवाळीत पोट्ट्यांनी तिच्या शेपटीपाशी लड लावली होती, तेव्हापासून ती पोरांना बघून थरथरायची. तिच्या मालकिणीबरोबर मी शाळेच्या मागे बसलो होतो. पोरं लांब कबड्डी खेळत होती. कुत्री तुकडे घेत होती, पण मालकिणीच्या बोटांना दात लागत होते, एकदोनदा तर तिने हात झटकून घेतला. कुत्री खाते आहे म्हणजे बरी आहे, असं तिला वाटत होतं. आम्ही बाभळीच्या रांगेमागे सरकलो. तिथे पहिल्या तुकड्यालाही घाई होतीच. दुसऱ्याला मान थोडी खाली आली. मग तिने ओठांनी, दात न लावता, हळूच तुकडा उचलला, अंग एकदा पूर्ण झटकलं, जसं भिजल्यावर झटकतात तसं, आणि जमीन हुंगायला लागली. ते अंतर बरोबर. पुढचे कितीतरी दिवस ती बाई तिथेच बसत होती, बाभळीच्या अलीकडे यायची तिला अजिबात घाई नव्हती.

तर तुकडा घेताना दात लागणं, आवडीचा तुकडा असूनही तोंड फिरवणं, उगाच ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं, अंग एकदम दगडासारखं होणं, यातलं काही दिसलं की मागे सरका. शेवटच्या लक्षणाला सगळ्यात जास्त घाबरा. कुत्रं गप्प उभं राहिलं म्हणजे शांत झालं, असं लोकांना वाटतं, आणि पुढच्या क्षणी ते चावतं. धापेवरून मात्र आपल्याकडे फसायला होतं. चैत्र-वैशाखात कुत्रं उन्हानेही धापा टाकतं, म्हणून सराव पहाटेच करा. उन्हं चढल्यावर डांबरी रस्त्यावर नेऊच नका, तळपाय भाजतात.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुरेत. चांगलं चाललं आहे म्हणून अर्धा तास ओढू नका. चार-पाच दिवस सलग तो माणूस दिसताच स्वतःहून तुमच्या डबीकडे वळायला लागला की थोडं पुढे सरका, चार-पाच पावलं. एखाद्या दिवशी कोणी अचानक अंगावर आलं, भुंकाभुंकी झाली, तर ओरडू नका, दोराने हळू वळवून लांब न्या, आणि एक-दोन दिवस सुट्टी द्या. घाबरलेल्याला जवळ घेतलं, अंगावरून हात फिरवला तर भीती वाढते, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. तो येऊन चिकटत असेल तर खुशाल चिकटू द्या.

गुरगुरला म्हणून दटावू नका. गुरगुरणं बंद केलं म्हणून चावणं बंद होत नाही, चावण्याआधी कळायची सोय तेवढी जाते.

तुमच्या प्रश्नातल्या गाठोडंवाल्या बायांची भीती वेगळी काढा. ती सगळ्यात शेवटी. आधी घरातल्याच कोणीतरी, आई किंवा बहीण, लांबून रिकाम्या डोक्याने चालून जायचं. मग हातात रिकामं पोतं. मग पोतं खांद्यावर. मग डोक्यावर. प्रत्येक पायरीला डबी तुमच्या हातात, तिच्या नाही. ओळखीचं माणूस आणि अनोळखी आकार, हे कोडं त्याला लांबूनच सोडवू द्या.

शेरूला शिकवणं सोपं आहे, अवघड आहे ते गावाला शिकवणं. बुजलेलं कुत्रं दिसलं की प्रत्येकाला ते आपल्याकडे आलंच पाहिजे असं वाटतं. यू यू करत हात पुढे करतात, डोळ्यात डोळे घालून वाकतात, आणि मी कुत्र्यांचा माणूस आहे म्हणतात. तो माणूस सगळ्यात धोक्याचा. घरी येणाऱ्याला एवढंच सांगा: त्याच्याकडे बघू नका, बोलू नका, हात पुढे करू नका, जागेवर बसा आणि तिरके बसा. पोट्ट्यांना सांगा की शेरूला दुखलं आहे. भीती म्हटलं तर चिडवतील, दुखलं म्हटलं की ऐकतात. कोणी हाड् करून दगड उचलायची नुसती नक्कल केली, कोणी गंमत म्हणून छू केलं, की आठवड्याची मेहनत गेली. तिखट खाऊ घालून कुत्रं तेज होतं असं सांगणारे अजून आहेत, त्यांनी पोटाचे रोग तेवढे वाढवले.

पाहुण्याच्या हातून खाऊ द्यायची सर्वांना हौस असते. ती करू नका. भुकेच्या ओढीने कुत्रं मान लांब करून तुकडा घेतं, तुकडा संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण या माणसाच्या तोंडाजवळ उभे आहोत. घाबरून चावा तेव्हाच बसतो. पाहुण्याने द्यायचंच असेल तर बसल्या जागेवरून तुकडा शेरूच्या मागे, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकावा. तुकडा घ्यायला तो लांब जातो, म्हणजे खाऊही मिळाला आणि सुटकाही. थोड्या वेळाने तो आपणच परत वळून माणसाकडे बघायला येतो. मग परत पलीकडे. यात माणसाजवळ येणं प्रत्येक वेळी त्याच्या मर्जीने होतं. पुढे कधी तो अंग घासायला आला तर छातीला दोन-तीन सेकंद खाजवून हात मागे घ्या. परत अंग लावलं तर अजून थोडं. तिथून सरकला तर विषय संपला. डोक्यावरून थोपटणं कुत्र्यांना आवडतं हा गैरसमज आहे, बहुतेक नुसती सोसतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे अजून एक भानगड असते. लोक तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर चष्मा, टोपी चढवून मोटारसायकलवर येतात. ओळखीचा सख्खा काकाही त्या अवतारात शेरूला ओळखू येणार नाही. फाटकाबाहेरच दुपट्टा सोडून दोन शब्द बोलायची सवय घरच्यांना लावा. आणि पाडव्याला तुमच्याकडे नवा सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, लागणार असेल तर त्याची ओळख आठवडाभर आधी, वावरात, लांबून सुरू करा. तो रोज कोठ्यात येणारा माणूस आहे, पहिल्याच दिवशी अंधारात चाऱ्याला आत शिरला तर काय होईल ते सांगायला नको.

गावातल्या कुत्र्यांचं थोडक्यात. साखळीला बांधून समोर कुत्रं आणायचं नाही, आणि आपल्या दारात तर नाहीच. दार म्हणजे त्याची हद्द. ज्या कुत्र्याशी पूर्वी जमत होतं असं एखादं वयस्क, संथ कुत्रं निवडा. दोघांना दोराने, पांदणीच्या दोन कडांनी, एकाच दिशेने चालवा. समोरासमोर नाही. काही दिवसांनी अंतर आपोआप कमी होतं. दोर सैल ठेवा, आवळला की भांडण आलं. माजावरची कुत्री आसपास असेल तर तो दिवस सोडून द्या. भाद्रपदात तर हा प्रयोगच नको, तेव्हा सगळ्यांचीच डोकी फिरलेली असतात. खच्चीकरण केल्याने भटकणं आणि नर-नरातली भांडणं कमी होऊ शकतात, पण भीती जात नाही, भित्र्या नराची कधी वाढतेही. म्हणून लग्नाआधी घाईने ते करू नका.

मुसकंही आत्ताच सुरू करा. बैलाला बांधतो तसं नाही, कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. जाळीचं, पिंजऱ्यासारखं मुसकं तालुक्याला किंवा यवतमाळ, नागपूरला मिळतं. दोरीने किंवा फडक्याने तोंड आवळलं आणि ऊन असलं तर कुत्रं उष्माघाताने जाऊ शकतं. पहिले काही दिवस मुसक्यात कलेजी ठेवायची आणि तोंड घालू द्यायचं, बांधायचं नाही. तो आपणहून तोंड घालायला लागला की क्षणभर बांधून सोडायचं. लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा मुसकं घालायला जाल तर तो दिवस तुमचा नाही.

मधे होळी आहे. धुळवडीला त्याला गावात ठेवूच नका, आदल्या संध्याकाळपासून वावरात, ओळखीच्या माणसासोबत. रंगलेली तोंडं, डफ आणि ओरडा, एवढ्यात दोन महिन्यांचं काम एका सकाळी धुऊन निघतं.

लग्नाच्या दिवशी शेरू मांडवात नको. सराव कितीही चांगला झाला असला तरी नको. डीजे, आचाऱ्याच्या भट्ट्या, मटणाचा वास, पायात धावणारी लेकरं, एवढं तर माझ्यासारख्यालाही सोसत नाही. वावरातली झोपडी, नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाचं सोयऱ्यांचं घर ठरवा. पंधरा दिवस आधीपासून रोज तिथे नेऊन, खाऊ घालून, झोपू देऊन परत आणा. हळद लागायच्या आधीच त्याला तिकडे हलवा आणि वरात परतून मांडव सुटेपर्यंत तिथेच ठेवा. ज्याला वराती-जेवणाची फार हौस नाही असं घरातलं एक माणूस त्याच्यासोबत राहावं, पाणी आणि सावली पक्की असावी. पाहुणे दोन-दोन, तीन-तीन करून पांगायला लागले की मग घरी आणा, तेही मागच्या दाराने, दोरावर.

तीन-चार आठवडे नीट सराव करूनही तो लांबचा माणूस बघून अन्नाला तोंड लावत नसेल, रात्री झोपत नसेल, तर औषधाची मदत घ्यायला लाजू नका. भीती उतरवणारी औषधं कुत्र्यांसाठी आहेत, पण ती पशुवैद्यक वजन आणि रक्त बघूनच देतात, काहींचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून होळीच्या आतच विचारा. नुसती गुंगी आणणारं इंजेक्शन मागू नका. त्यातल्या काही औषधांनी अंग लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते, कुत्रं हलू शकत नाही एवढंच. एका दिवसापुरती गोळी ठरली तर ती लग्नाच्या आधी एखाद्या साध्या दिवशी एकदा देऊन बघा, किती वेळाने चढते, किती वेळ टिकते, कुत्रं उलट चिडचिडं तर होत नाही ना, ते लिहून डॉक्टरांना कळवा आणि मगच डोस पक्का करा.